ठेवण्याजोगी भीती

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात जळला, तो माझ्यामुळे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही. आई तेव्हा सरांना शिव्या देत होती आणि मी तिचे पाय चेपत होतो.

हुपरीत आणि आमच्या गावाकडे सगळ्यांना वाटतं की अक्काचा हात सरांमुळे गेला. सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल काही लिहायचं तर हे आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून पाहिला. प्रत्येक वेळी त्यांच्या गमती लिहिल्या आणि कागद फाडला.

सरांचा टायपिंगचा क्लास मंगळवार पेठेत होता. खाली क्लास, मागच्या दोन खोल्यांत सर आणि काकू, वर माडीवर भाड्यानं मी. मी शाहूवाडीकडचा. एका शाळेत भूगोल शिकवायला नुकता लागलो होतो आणि नेमणूक पक्की व्हायची होती. खोली बघायला गेलो तेव्हा सर माझ्या डाव्या कानाकडे बघत बोलायला लागले. मला वाटलं, कानाला काही लागलंय. मी दोनदा पुसला.

काकू आतून म्हणाल्या, "कान बरा हाय तुमचा. ते सगळ्यांच्या कानाकडंच बघत्यात."

त्याचं कारण पुढे कळलं. सर संमोहन करायचे, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. 'मोहिनीवाले' म्हणायचे त्यांना. दूधवाला त्यांच्या हातात पिशवी देताना मान वळवायचा. समोरचा शिंपी त्यांच्या शर्टाचं माप घेताना डोळे मिटून घ्यायचा, त्यामुळे सरांचे सगळे शर्ट एका बाजूनं आखूड. नजरेनं काही होत नाही, असं सरांनी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल. कुणाचा विश्वास बसला नाही. शेवटी त्यांनीच नजर काढून घेतली आणि कानावर ठेवली. म्हणायचे, "लोकांस्नी बरं वाटतंय ना, मग कानच बघतो. कानातनंच तर आत जायचं असतंय."

मला ते 'मास्तर' म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, थोडा मान.

तंबाखू मात्र त्यांना सुटली नाही. स्वतःला संमोहित करून ती सोडायचा प्रयत्न त्यांनी इतक्या वेळा केला होता की काकूंनी त्याचा एक खेळच करून टाकला होता. सर खुर्चीत डोळे मिटून बसले की काकू डबी आणून मांडीवर ठेवायच्या आणि उभ्या राहून बघायच्या. पाच-सात मिनिटांनी सरांचा हात आपसूक डबीकडे जायचा. "बघा, कसा लागला डोळा तुमच्या हाताला!" काकू हसायच्या. सर चिडायचे नाहीत. "माझं माझ्यावर चालत न्हाई," म्हणायचे. "मी त्या माणसाला लई वळखतो."

दुपारी एक ते तीन क्लास बंद असायचा. तेव्हा लोक यायचे. कुणाला झोप लागत नसायची, कुणाची बोलताना जीभ अडायची, कुणी नखं खाऊन बोटं सोलून घेतलेली. सरांची पद्धत मी दुसऱ्या कुठे पाहिली नाही, ऐकलीही नाही. आलेल्या माणसाला ते टाइपरायटरसमोर बसवायचे आणि स्वतः मागच्या मशीनवर बसून हळूहळू टाइप करायचे. एका लयीत, टकटक, टकटक. ओळ संपली की मशीनची घंटी वाजते. "घंटी वाजली की श्वास सोडायचा, एवढंच काम तुमचं." आठ-दहा ओळींत माणसाचे खांदे उतरायचे. श्वास छातीतून पोटात जायचा. मग पापण्या थरथरायच्या. मग सर टाइप करणं थांबवायचे आणि त्याच लयीत बोलायला लागायचे. मशीन कुठे थांबलं आणि आवाज कुठे सुरू झाला, हे समोरच्याला कळायचंही नाही.

पण हे सगळं नंतर. आधी कागद असायचा. माणूस पेंगुळल्यावर त्याला जे काही सांगायचं, ते सर आधी मराठी मशीनवर टाइप करायचे, एकेक वाक्य सुटं, आणि कागद त्याच्या हातात द्यायचे. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवायचे. "ह्यातलं काय नको ते खोडा," म्हणायचे. "मी तुमच्या घरात शिरणार. काय काय न्यायचं ते तुम्ही सांगायचं. आणि काय ठेवायचं तेबी." कागदाची एक प्रत त्या माणसाला. कार्बनची प्रत सरांकडे, खिळ्याला टोचलेली.

'काय ठेवायचं' हा त्यांचा लाडका प्रश्न होता. लोक गोंधळायचे. भीती घालवायला आलोय, त्यात ठेवायचं काय?

एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला होता. कोकणात माल न्यायचा. राधानगरीच्या पुढच्या घाटात त्याच्या डोळ्यांदेखत एक गाडी दरीत गेली होती, तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की त्याचे हात घामानं निसटायचे. सरांनी कागद टाइप केला. त्यात एक वाक्य होतं, 'घाटात मला भीती वाटणार नाही.' मुद्दाम टाकलेलं होतं, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हरनं कागद वाचला, बराच वेळ पेन हातात फिरवलं आणि ते वाक्य खोडलं.

"का वो?" सरांनी विचारलं.

"घाटात असू दे की थोडी," तो म्हणाला. "तिथं लागती."

सर इतके खूश झाले की काकूंना हाक मारून त्यांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाले, "ह्यो बरा हुईल. ह्याला ठावं हाय." आणि झाला बरा. पुढं कधीतरी येऊन काजूची पिशवी ठेवून गेला.

मी त्यांच्या मागं लागलो, मला शिकवा म्हणून. खरं कारण सांगतो. वर्गात मुलं माझं ऐकत नव्हती. मला वाटलं, हा आवाज आपल्याकडे आला तर! सर म्हणाले, "शिका की. पर आधी गुळाचे भाव वाचा."

थट्टा नव्हती ती. पेपरात मार्केट यार्डातले गुळाचे भाव येतात. रोज दुपारी मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. एक नंबर, दोन नंबर, आवक, किमान, कमाल. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "घाई. कमालवर घाई केलासा." दुसऱ्या दिवशी, "आज तुम्ही मला झोपवायला बघालाय. झोपवायचं असलं तर मटण घाला, रस्सा घाला. आपण झोपवत न्हाई, मास्तर. माणूस स्वतःच बसतोय आत जाऊन. आपण निस्तं दारात उभं ऱ्हायचं." असे चार-साडेचार महिने गेले. एका दुपारी भाव वाचून संपले तरी सर काही बोलेनात. मी मान वर केली. त्यांची पापणी थरथरत होती आणि तंबाखूची डबी मांडीवरून घसरून खाली पडली होती.

जागे झाल्यावर म्हणाले, "आवाज झाला तयार. आता लई भ्या मास्तर, तुम्ही."

मी हसलो. मला वाटलं कौतुकच आहे.

मग बाकीचं शिकवलं, मशीनवर कागद टाइप करणंही. आधी मला स्वतःला खुर्चीत बसवलं. हातात पाण्याची बादली आहे असं सांगून माझा हात खाली आणला, आणि तो खाली येताना मी 'येऊ नको' म्हणत होतो तरी तो येत होता. ते मला अजून आठवतं. कुणी जोर केला नव्हता. आपलाच हात आपल्याला परका होतो आणि तरी बरं वाटतं. त्या बरं वाटण्याचीच नंतर मला भीती बसली. पण तेव्हा नाही.

सर समोर असताना मी तीन-चार जणांवर प्रयोग केले. नखं खाणारी एक मुलगी, परीक्षेत सगळं विसरणारा एक जण. जमलं. शाळेतही आवाज चालायला लागला. मी चालताना जरा छाती पुढे काढायला लागलो असेन.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी अक्काचं झालं.

अक्का हुपरीला दिलेली. घरातच पैंजणांचं काम. दाजी चांदीची तार ओढायचे, साखळ्या करायचे आणि अक्का घुंगरं जोडायची. रबरी नळीनं सिलेंडरला लावलेली एक बारीक ज्योत असते, ती चांदीवर मारून घुंगरू पैंजणाला चिकटवायचं. त्या गल्लीत तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही, असं दाजी स्वतः सांगायचे. त्या दिवशी ज्योत एकाएकी भडकली आणि अक्काच्या भुवया जळल्या. फार काही लागलं नाही. पण त्यानंतर ती कामाच्या बैठकीवर बसली की हात थरथरायला लागायचा. सासू म्हणायची, "नाटकं हायत. आमी न्हाई का भाजून घेतलं?" दाजी तसे वाईट नव्हते, पण सणाचं काम अंगावर होतं. मला म्हणाले, "पावणं, तुमचं ते मोहिनीवालं बघा की काय करत्यात काय."

मी अक्काला हुपरीच्या गाडीनं कोल्हापुरात आणलं. सरांनी तिला बसवलं, पण मशीनला हात लावला नाही. नुसतं विचारत राहिले. तिच्या कानाकडे बघत.

"कवा थरथरतोय हात? ज्योत बघितली की?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "आवाज आला की. सूऽऽ असा. तो आला की हात आपोआप मागं येतोय."

"आवाज कुठनं येतोय? ज्योतीतनं?"

अक्का थांबली. तिनं डोळे मिटले, आठवलं. "खालनं येतोय. गुडघ्यापाशी. नळी असती तिथनं."

सर उठले. अक्काला म्हणाले, "ताई, आत जावा, काकू च्या करत्यात." ती गेल्यावर मला दाराशी नेऊन हळू म्हणाले, "हे काढायचं न्हाई, मास्तर. ही भीती रोग न्हाई, ही खबर हाय. ती नळी फुटकी हाय. दाजीस्नी सांगा, आधी नळी बदला. बदलल्यावर हात थरथरला तर घेऊन या, मग बघू."

इतकं सोपं होतं. नळी बदला, हे दोन शब्द हुपरीपर्यंत पोचवायचे होते.

परतीच्या गाडीत अक्कानं विचारलं, "काय म्हणले रं सर?"

मी म्हणालो, "पुढच्या वेळी करू म्हणाले." तिला तेवढंच का सांगितलं, ते मला माहीत आहे. सरांना जमलं नाही, असं मला म्हणायचं नव्हतं. मी त्यांच्याबद्दल हुपरीत इतकं बोललो होतो. आणि घरात पाऊल टाकलं तर दाजी अंगणातच उभे. "झालं का काम?" सासू मागून, "काय हुतंय, उगं गाडीचा फेरा." आता ह्या माणसाला त्याच्याच घरात सांगायचं, तुमची नळी फुटकी आहे, दोष तुमचा आहे? मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "पुढच्या रविवारी मी येतो. सर कागद देणार आहेत."

कागद सरांनी दिला नाही. शनिवारी दुपारी ते बाजारात गेले होते तेव्हा मी त्यांच्या मशीनवर बसलो आणि स्वतः टाइप केला. त्यात मी लिहिलं होतं, 'ज्योत माझी मैत्रीण आहे.' मला ते वाक्य तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. आणि लिहिलं होतं, 'नळीच्या आवाजानं माझा हात मागे येणार नाही. हात कामावरच राहील.' कागद खिळ्याला टोचला नाही. कार्बनही घातला नाही.

रविवारी मी तो अक्काला वाचायला दिला. "सरांनी पाठवलाय," म्हणालो. काय खोडायचं, हे विचारलं नाही. काय ठेवायचं, हेही नाही. मशीन नव्हतं, म्हणून साखळी ठोकायच्या हातोडीनं पाटावर टकटक करत बसलो. आणि मग तो आवाज लावला, गुळाचे भाव वाचून कमावलेला. मला खोटं सांगता येणार नाही, त्या दिवशी मी सरांपेक्षा चांगलं केलं. अक्काचा चेहरा लहानपणी झोपायची तसा झाला. अर्ध्या तासानं ती बैठकीवर बसली, ज्योत पेटवली आणि हात दगडासारखा स्थिर.

"आयला, पावणं!" दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही तर डाक्टरच झालासा की!" सासूनं स्वतः उठून चहात साय घातली. त्या कौतुकात नळीचं बोलायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. वाटलं, पुढच्या वेळी सहज बोलता बोलता सांगू.

पुढची वेळ यायच्या आत, दोन आठवड्यांनी, नळी पेटली.

सरकारी दवाखान्यात अक्काच्या उशाशी बसलो होतो. पट्टी कोपरापर्यंत. ती मला म्हणाली, "आवाज येत हुता रं, बाळ्या. चांगला मोठा येत हुता. हात मागं घ्यावासा वाटला. पर म्हटलं, सरांनी सांगितलंय, भ्यायचं न्हाई." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू आता सांग, मी काय चुकीचं केलं.

मी म्हणालो, "तू झोप."

दाजी कागद घेऊन क्लासात आले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. क्लास भरलेला. मी शाळेतून नुकताच येऊन दारात चप्पल काढत होतो. दाजींच्या मागं त्यांचे दोन भाऊबंद. दाजींचा आवाज चढला तसतशी एकेक मशीन थांबत गेली. शेवटचं एक टकटकत राहिलं, मग तेही थांबलं.

"ह्यो कागद तुमचा का न्हाई?"

सरांनी कागद हातात घेतला. चष्मा चढवला. वाचायला त्यांना वेळ लागला. त्यांच्या कागदावर शेवटी खोडायला सांगणारी ओळ असायची, ती नव्हती. आणि पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायची माझी खोड. तीवरून ते मला रोज बोलायचे. त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असणार.

"नळी बदलली हुती का?" सरांनी हळू विचारलं.

"कसली नळी?" दाजी ओरडले. "नळीचं काय काढतोस? बायकोचा हात गेला माझ्या!"

सर वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्या कानाकडे. बघत राहिले. ते थांबले होते, मी बोलावं म्हणून. मी सगळ्या क्लाससमोर उभा होतो, एका पायात चप्पल होती. माझ्या डोक्यात शाळेच्या चेअरमनचा चेहरा होता, मान्यतेसाठी गेलेली फाईल होती, आणि 'मास्तर करणी करतो' असं कुणीतरी म्हणतंय, हे ऐकू येत होतं. सर डोळ्यांत बघत नव्हते, ह्याचा मला त्या क्षणी आधार वाटला. त्या आधाराची मला अजून लाज वाटते.

सर दाजींकडे वळले. "कागद माझ्याच मशीनवरचा हाय," म्हणाले. "ह्यो 'र' बघा, वरचं टोक मोडलंय. माझंच मशीन."

"म्हंजे कबूल हाय?"

"माझ्या हातनं शिकवलेलं काम हाय हे. चुकलं, पावणं. लई वंगाळ झालं."

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. मी नंतर किती वेळा तपासून पाहिलं. त्यांनी खोटं न बोलता सगळं स्वतःवर घेतलं होतं, आणि मी तर एक शब्दही न बोलता खोटं बोललो होतो. दाजींनी हात उगारला, सरांचं वय बघून खाली घेतला आणि दारावरची पाटी उपटून रस्त्यात फेकली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई, पावणं. तुम्ही इस्वास टाकलासा."

संध्याकाळपर्यंत मी वर खोलीत बसून राहिलो. मग खाली गेलो. सर खिळ्यावरचे सगळे कागद काढून एकावर एक रचत होते.

"नळीचं सांगितलंच न्हाई?"

"नाही."

"बरं." कागदांच्या कडा जुळवत म्हणाले, "माझं सोडा, माझं मी बघतो. तिला सांगा. तिला वाटाय नको की तिची भीती खोटी हुती. तिनं बरोबर ऐकलं हुतं. हे तिला ठावं पायजे, न्हाईतर पुढं ती कशावरच इस्वास ठेवायची न्हाई, स्वतःवर तर न्हाईच."

"नोकरी पक्की झाली की सांगतो, सर."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी कुणाला खुर्चीत बसवलं नाही. मुली येईनाशा झाल्या, त्यांच्या मागं मुलंही. मग जागोजाग कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि लोकांना वाटलं, सरांचा क्लास त्यामुळे बंद पडला. दूधवाला मात्र आता मान वळवण्याचीही तसदी घेत नव्हता. पिशवी उंबऱ्यावर ठेवून जायचा.

माझी नेमणूक पक्की झाली. मी खोली सोडली, लग्न केलं, दुसऱ्या पेठेत राहायला गेलो. संमोहन पुन्हा केलं नाही. अजून घरात गॅस पेटवायच्या आधी मी वाकून नळीला कान लावतो. बायको हसते. एकदा पेटवून झाल्यावर पुन्हा लावतो, तेव्हा हसत नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी काकूंचा फोन आला. सर दवाखान्यात होते, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मी गेलो. ते पलंगावर छोटे झाले होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, गंमत बघा. भ्या वाटायलंय मला. काढता काय थोडं?"

मी खुर्ची ओढली. आवाज लावायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांतच तो फाटला. सरांनी हात हलवून मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे. घाई हुतीया." मग छताकडे बघत म्हणाले, "अक्काला सांगितलंसा न्हवं?"

काकू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मोसंबी सोलत होत्या. नर्स दारात आली होती. मी म्हणालो, "हो सर. सांगितलं."

"काय म्हणली?"

"रडली. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस."

सरांनी डोळे मिटले. "मग झालं," म्हणाले. त्यांचे खांदे उतरले. श्वास छातीतून पोटात गेला. मी जन्मात कुणाची भीती इतक्या लवकर उतरलेली पाहिली नव्हती, आणि ती मी खोटं बोलून उतरवली होती. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सर गेले. शुद्धीवर आलेच नाहीत, त्यामुळे मला ते खोटं मागे घेता आलं नाही. आले असते तरी घेतलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

अक्का आता साठीला आली. उजव्या हाताची दोन बोटं चिकटलेली आहेत. डाव्या हातानं घुंगरं निवडते. मागच्या महिन्यात गेलो होतो. तिची नात गच्चीचा जिना उतरायला घाबरत होती, त्याचे कठडे हलतात म्हणून. अक्का तिला म्हणत होती, "उतर की गं! कशाला भेतीस? मी अशीच भित्री हुते, म्हणून त्या मोहिनीवाल्याकडं जायची पाळी आली. भिले नसते तर आज हात असता माझा." पोरगी डोळे मिटून उतरायला लागली. मी धावत जाऊन तिला उचललं आणि खाली आणलं. अक्का हसली. "मामाआजोबा लई भित्रं हाईत तुझं."

मी पुन्हा जिन्यावर गेलो. कठडा किती हलतो ते बघितलं आणि दाजींना तेवढं सांगितलं. ते मात्र लगेच सांगितलं.

सरांचं जे होतं ते आता फेडता येणार नाही. अक्काचं येतं. तिच्या घरात, दाजींच्या समोर, माझ्या तोंडानं मला तिला हे सांगायचं आहे: तो कागद मी लिहिला होता, सरांनी नळी बदला म्हणून सांगितलं होतं, आणि तू भित्री नव्हतीस, तू ऐकलं ते बरोबर होतं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.